दगड तोलणारी लेक

माझ्या मुलीला विद्यापीठात सगळे शिट्टीबाई म्हणतात. ती तिथे शारीरिक शिक्षण शिकवते आणि तिच्या गळ्यात सदानकदा शिट्टी असते. घरी आली की शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला अडकवते, पण आवाज खाली आणायचं तिच्या लक्षात राहत नाही. टॉवेल कुठे आहे हे ती मला विचारते आणि उत्तर खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली देते.

वय छत्तीस. उंची बेताची, पण दारातून आत येताना तिला जरा तिरकं व्हावं लागतं. हे मी लिहिलेलं तिला आवडायचं नाही. पण ज्या मुलीने सगळं तारुण्य गोळाफेकीत घालवलं तिचे खांदे वेलीसारखे कुठून असणार?

या गोळाफेकीला तिचे बाबा जबाबदार आहेत. त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. पोर रांगायला लागली तशी मी तिला स्वयंपाकघरातून दुकानात पाठवायची, कारण स्वयंपाकघरात विस्तव असतो. दुकानात काय असतं याचा विचार मी केला नव्हता. दुकानात लोखंडी वजनं असतात. इतर मुली बाहुल्या मांडायच्या, ही पाव किलो, अर्धा किलो, किलो अशी ओळ मांडून त्यांची शाळा घ्यायची. दोन किलोचं वजन मुख्याध्यापक होतं. बाबांना याचं भारी कौतुक. ते तिला डोळे मिटायला लावायचे, तळहातावर एक वजन ठेवायचे आणि कोणतं ते विचारायचे. ती कधी चुकली नाही. एकदा गिऱ्हाईकाचं झिजलेलं वजन तिने हातात घेतल्या घेतल्या "हा आजारी आहे" म्हणून परत केलं आणि गिऱ्हाईक तोंड पाडून निघून गेलं.

सहावीत असताना तिने मुख्याध्यापकांना दुकानातून भिरकावलं. का, तर बाबा म्हणाले होते की हे काही तुझ्याच्याने गल्लीपलीकडे जायचं नाही. मुख्याध्यापक गल्ली ओलांडून इस्त्रीवाल्याच्या टेबलाच्या पायावर आदळले आणि टेबल गुडघ्यावर बसलं. इस्त्रीवाला भांडायला आला. त्याच्या मागून शाळेचे खेळाचे सर आले. ते मात्र भांडायला नव्हते आले. त्यांनी पावलांनी गल्लीची रुंदी मोजली आणि मुलीचा दंड चाचपून पाहिला. मी आत जाऊन पाणी प्यायले. इस्त्रीवाल्याला टेबल करून दिलं आणि मुलगी खेळाच्या सरांच्या हवाली झाली.

पुढे गोळाफेकीत ती शाळेत पहिली आली, विद्यापीठात पहिली आली, मग एका स्पर्धेत खांदा दुखावला आणि फेकण्याऐवजी शिकवायला लागली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि ज्या विद्यापीठाच्या मैदानावर गोळे फेकले तिथेच नोकरी धरली. हंगामी नोकरी. हा शब्द माझ्या आयुष्यात आठ वर्षं होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली की नेमणूक संपायची आणि पुन्हा बोलावतील की नाही याची वाट बघायची. ती या दिवसांत पोहायची, सायकल चालवायची, बाबांबरोबर काटे दुरुस्त करायची. वाट बघायचं काम माझ्याकडे होतं. पोस्टमनला मी आमच्या जिन्यात पहिल्या पायरीवर गाठायची. शेवटी शेवटी तो लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा.

अशात एके दिवशी ती घरी आली ती शिट्टी न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, मला दगड शिकायचे आहेत."

झालं होतं असं. विद्यापीठात दोन विभागांना विद्यार्थी मिळेनात. एक भूशास्त्राचा, कारण मुलांना वाटतं दगडात काय शिकायचं. दुसरा शारीरिक शिक्षणाचा, कारण आईबापांना वाटतं खेळात काय शिकायचं. (मलाही वाटायचं, ते जाऊ द्या.) मग दोन्ही विभाग एकाच जुन्या दुमजली इमारतीत ढकलले. खाली जाळ्या, चेंडू, गाद्या आणि वर दगडांची कपाटं. त्यावर कोणा सुपीक डोक्यातून असं निघालं की दोघांनी मिळून एक नवा अभ्यासक्रम काढावा. मुलांनी डोंगर चढायला शिकावं, नकाशा वाचायला शिकावं, पडलं झडलं तर काय करायचं ते शिकावं आणि शेवटी डोंगरात शिबिर करून तिथले खडक अभ्यासावेत. कल्पना चांगली होती हे मीही मान्य करते. या अभ्यासक्रमासाठी शारीरिक शिक्षणाची एक कायम जागा मंजूर झाली होती आणि ती आमच्या शिट्टीबाईंना मिळणार होती.

पण एक अट होती. शिकवणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या विषयाची प्राथमिक परीक्षा द्यायची. तिने खडक ओळखायचे आणि भूशास्त्राच्या सरांनी पाठीवर ओझं घेऊन ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात चालून दाखवायचं. ज्याला खडक कळत नाहीत आणि ज्याला चालवत नाही, अशांच्या हाती लोकांची मुलं डोंगरात द्यायची नाहीत, असं म्हणणं होतं. दोघांतला एक जरी नापास झाला तरी अभ्यासक्रम बारगळणार होता. मग कायम जागाही गेली आणि विभागच राहिला नाही तर हंगामी नोकरीही गेली.

"तुझं मी बघते," मी म्हणाले. "पण ते सर कसे आहेत?"

ती उठून शिट्टी खिळ्याला अडकवायला गेली. तेव्हाच मी काय ते समजले.

भूशास्त्राच्या सरांना मुलं भूकंपसर म्हणतात, कारण ते भूकंप शिकवतात. बाकी त्या माणसाला हललेलं कोणी पाहिलेलं नाही. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली, पोट पुढे, चष्मा कपाळावर, सदऱ्याच्या खिशात भिंग. खुर्चीत बसले की बसले. विभागाचा शिपाई म्हणतो की सर आधी बसले आणि मग त्यांच्याभोवती इमारत बांधली. तरुणपणी हे गृहस्थ पाठीवर पिशवी टाकून डोंगरच्या डोंगर हिंडले होते म्हणे. पुढे दगड त्यांच्याकडे टपालाने यायला लागले आणि हिंडणं सुटलं.

तर दोघांचा करार झाला. सकाळी ती सरांना चालवणार, संध्याकाळी सर तिला दगड शिकवणार.

पहिल्या सकाळी सर मैदानावर काळे चकचकीत बूट घालून आले. दुसऱ्या सकाळी आलेच नाहीत. ती त्यांच्या घराखाली जाऊन उभी राहिली आणि शिट्टी वाजवली. सरांच्या बायकोने खिडकी उघडून सांगितलं की बाई, असंच रोज करा, आमचं ऐकत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून सर शिट्टीच्या आधी खाली उतरून उभे राहायला लागले, कारण आख्खी चाळ बाल्कनीत येऊन बघायची.

चालण्याचा त्रास निराळाच निघाला. दम लागायचा, पण तो आठवड्याभरात कमी झाला. खरा त्रास म्हणजे दगड दिसला की सर थांबायचे. वाटेवर खडी टाकलेली असली तरी थांबायचे. खाली वाकायचे, उचलायचे, भिंग काढायचे. मग ही खडी कुठल्या खाणीतली, ती खाण कुठल्या डोंगरात, त्या डोंगराचं तरुणपण कसं गेलं, हे सगळं. ती शिट्टी वाजवायची. सर एक बोट वर करायचे, म्हणजे आलोच. शेवटी तिने कायदा केला. चालताना सरांनी फक्त तिच्या बुटांच्या टाचांकडे बघायचं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सर म्हणाले की इतकी वर्षं लोकांना डोळे उघडे ठेवायला शिकवलं आणि आता या वयात झापड लावून घ्यायची वेळ आली. पण लावून घेतली.

संध्याकाळचा वर्ग आमच्या घरी भरायचा, कारण विद्यापीठातले दिवे सहाला बंद होतात. सर पिशवीभर दगड आणून जेवणाच्या टेबलावर मांडायचे. आधी मी खाली वर्तमानपत्र घालायची, मग जुनी चादर घालायला लागले, मग सोडून दिलं. सर एकेक दगड पुढे करून रंग बघा, चकाकी बघा, कण बघा म्हणायचे. ती बघायची. तिला सगळे राखाडीच दिसायचे. फार तर हा जरा जास्त राखाडी. सर दमून चहा मागायचे.

मग एकदा सर चहा पीत असताना तिने सहज एक दगड उचलून हातावर तोलला. दुसरा तोलला. तिसरा ठेवून दिला आणि पहिला परत उचलला. तिचे बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"डोळे मीट," ते म्हणाले.

तिने डोळे मिटले. सरांनी कप खाली ठेवून एक दगड तिच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, टाचा घासायचा. तो खरंच तोच होता, ज्वालामुखीच्या फेसाचा, पाण्यावर तरंगणारा. दुसरा ठेवला तर तिने हात खाली जाऊ दिला आणि म्हणाली, हा खोटं बोलतोय, दिसतो एवढासा आणि आत शिसं आहे. ते शिशाचंच खनिज होतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही त्यांनीच ते खनिज घडवलं होतं.

सर मात्र हुरळून गेले नाहीत. त्यांनी पिशवीत हात घालून दोन दगड काढले आणि तिच्या दोन हातांवर ठेवले. दोन्ही सारखेच लागले. तिने अदलाबदल करून पाहिली, तरी सारखेच.

"एक समुद्राच्या तळाशी झाला आणि एक जमिनीच्या पोटात," सर म्हणाले. "हात इथपर्यंतच नेतो, बाई. इथून पुढे डोळ्यांनी चालायचं."

हे तिला लागलं. खेळाडूला हरलेलं चालतं, पण अर्ध्या वाटेत थांबवलेलं चालत नाही. त्या दिवसापासून ती खरंच बघायला शिकली. सरांचं जुनं भिंग मागून घेतलं. सकाळी दात घासताना खिडकीच्या कट्ट्याकडे बघायची. मी तिला भाजी आणायला घेऊन गेले तर बँकेच्या पायऱ्यांवर बसली. गुळगुळीत फरशीत कसले तरी वळसे होते. "शिंपले आहेत, आई," ती म्हणाली, "या बँकेवर सगळे शिंपल्यांवर पाय देऊन जातात." पहारेकऱ्याने आम्हा दोघींना उठवलं. माझा जीव शरमेने अर्धा झाला, पण मनात म्हटलं, बरंय, पास तर होईल.

ती पास झाली. परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठातल्या एक वयस्क बाई आल्या होत्या. ताटात नमुने होते. पहिलाच नमुना तिने हातात घेतला, तोलला आणि सवयीने मानेजवळ नेला, गुडघे वाकवले. परीक्षक बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. सरांनी घसा खाकरला तेव्हा तिने तो खाली आणला. एक नमुना चुकला. भोकाभोकांचा काळा दगड तिने हातात न घेता, नुसता बघून टाचा घासायचा सांगितला, तो निघाला साधा काळा खडक, ज्यातून कधीकाळी वाफा निघून गेल्या होत्या. बाकीचे बरोबर आले. परीक्षक बाईंनी पास करून वर विचारलं की इतकी वर्षं कुठे होतात. ती म्हणाली, खालच्या मजल्यावर.

आता उरले सर.

त्यांची परीक्षा विद्यापीठामागच्या टेकडीवर होती. पायथ्याच्या फाटकापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वळणावळणाचा रस्ता आहे, त्यावरून पाऊण तासात वर यायचं. सोबतीला एक जण चालू शकतो, पण हात लावायचा नाही, ओझं घ्यायचं नाही. पाठीवरच्या पिशवीत काय भरायचं यावर आधी वाद झाला. सरांना दगड भरायचे होते. तिने ते साफ नाकारलं, कारण पिशवी उघडून बसतील. शेवटी मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका भरल्या. त्या उघडून बघायची सरांची इच्छा नव्हती.

मी पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने आधीच टाकीपाशी जाऊन बसले होते. परीक्षक वरच थांबले होते. ते दुसऱ्या विद्यापीठाचे खेळाचे सर होते, अंगाने काडी, डोक्यावर टोपी, हातात घड्याळ. तुम्ही कोण असं त्यांनी विचारलं, मी मुलीची आई म्हटलं. ते म्हणाले, परीक्षा तर सरांची आहे. मी म्हटलं, नोकरी मुलीची आहे. मग त्यांनी मला आपली घडीची खुर्ची दिली.

टाकीच्या कठड्यावरून खालचा सगळा रस्ता दिसतो. पांढरी टोपी म्हणजे सर आणि निळा सदरा म्हणजे ती. दोघं चांगली येत होती. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. परीक्षकांनी घड्याळ बघून मान हलवली, चांगल्या अर्थाने. मी मनात हिशेब केला की या गतीने वेळेच्या बऱ्याच आधी पोचतील आणि मग निदान उन्हाळ्यात तरी मला पोस्टमनच्या पाया पडावं लागणार नाही.

तिसऱ्या वळणावर दोघं थांबली.

त्या ठिकाणी रस्ता रुंद करायला टेकडीची कड नुकतीच कापलेली आहे. पांढरी टोपी त्या कापलेल्या भिंतीपाशी गेली. निळा सदरा खाली बसला. मला वाटलं सरांना चक्कर आली. मग पांढरी टोपीही खाली बसली आणि कसलं तरी बोट दाखवणं सुरू झालं. मला सगळं कळलं. मी कठड्याला धरून उभी राहिले. शिट्टी का वाजवत नाहीये ही? उभी चाळ उठवणारी शिट्टी आज कुठे गेली? ओरडायचं तर परीक्षक शेजारी उभे. मी त्यांना विचारलं की वरून कोणी हाक मारली तर ती मदत धरतात का. ते म्हणाले, धरतात. मग मी नुसती जोरजोरात खोकले. वारा उलट्या दिशेचा होता.

दोघं वर पोचली तेव्हा परीक्षकांचं घड्याळ खिशात टाकून झालं होतं. सर घामाघूम, पण चेहरा असा उजळलेला की पास झालेत असं वाटावं. मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. मुलीला बाजूला घेतलं.

"कायदा केला होतास ना त्यांच्यासाठी? मग थांबले कसे?"

"ते नाही थांबले," ती म्हणाली. "मी थांबले."

सर बिचारे तिच्या टाचांकडे बघत निमूट येत होते. त्यांनी मान वर केली नव्हती. तिसऱ्या वळणावर टाचाच थांबल्या. काळ्या खडकाच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक फिकट पट्टा गेला होता, जसा काही कोणी फटीत गिलावा भरलाय, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांचा दगड भाजल्यासारखा दिसत होता. तिने विचारलं, "सर, हे काय?" आणि खाली बसली. आठ वर्षं वाट बघितलेली नोकरी वर टाकीपाशी उभी होती, खुर्ची घेऊन आई बसली होती, आणि हिला हे काय म्हणून विचारायचं होतं.

"तुम्ही तरी चालत राहायचं होतं," मी सरांना म्हटलंच.

"विद्यार्थ्याने खरा प्रश्न विचारला तर शिक्षकाला पुढे जाता येत नाही, ताई," सर म्हणाले. "आणि इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी कोणी विचारला." मग त्यांनाच आपलं बोलणं लागलं असावं. पाठीवरची पिशवी उतरवून ते त्या उत्तरपत्रिकांवर बसले आणि म्हणाले की चूक माझी, मी उद्याच लिहून देतो की माझ्या जागी दुसरा कोणी घ्या, तरणा.

परीक्षकांनी ते ऐकलं. ते म्हणाले की तसं करता येईल, भूशास्त्रात एक नवे तरुण शिक्षक आहेत म्हणे, पळत वर येतील. मुलीची जागाही वाचेल. नाहीतर नियमात एकदा फेरपरीक्षा आहे, पंधरवड्याच्या आत. मात्र तीत सर पुन्हा नापास झाले तर सगळंच संपलं.

मी म्हटलं, तरुण बोलवा. अगदी लगेच म्हटलं. सरांनीही मान डोलावली.

"फेरपरीक्षा," मुलगी म्हणाली.

घरी आल्यावर मी तिच्याशी अबोला धरला. तो फार टिकला नाही, कारण जेवलीस का हे विचारावंच लागतं. पण मी तिला पुष्कळ समजावलं. सर चांगले आहेत, मान्य. पण कायम जागा रोज येत नाही. तो तरुण शिक्षकही खडक शिकवेलच की. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तो तरुण पळत वर येईल. वाटेत काय होतं विचारलं तर सांगता येईल का त्याला?" मी म्हटलं, नाही सांगता आलं तरी वेळेत पोचेल ना. यावर तिचे बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले की काटा जुना असला म्हणून टाकत नाहीत, नीट सपाट जागी ठेवायचा असतो.

ती उठून उभी राहिली. सपाट जागा, ती म्हणाली. नियमात अंतर लिहिलंय, ओझं लिहिलंय, वेळ लिहिलाय. टेकडी कुठे लिहिलीय?

खरंच लिहिली नव्हती. खेळाच्या विभागाची ही जुनी परीक्षा, इतकी वर्षं टेकडीवर घेतात म्हणून घेतात. तिने दुसऱ्या दिवशी परीक्षकांना फोन केला. त्यांनी नियम वाचून पाहिला आणि म्हणाले की चढ नसेल तर अंतर वाढवावं लागेल, मग जागा कुठलीही चालेल. आता जिथे एकही दगड नाही अशी जागा हवी होती. हे सोपं नाही, शोधून बघा. ग्रंथालयाचा व्हरांडा लांबलचक आहे, पण त्याच्या फरशीत शिंपले आहेत. कार्यालयाच्या आवारात खडी आहे. बागेत तर मुद्दाम हौसेने दगड मांडलेत. शेवटी उरला मैदानावरचा धावपट्टा. तो रबराचा आहे, लाल, सपाट, आणि त्यात बघण्यासारखं काहीही नाही.

फेरपरीक्षेला बाबा दुकान बंद करून आले. सरांच्या बायकोही आल्या, विणकाम घेऊन. सर ओझं चढवून पट्ट्यावर उभे राहिले आणि त्यांनी एकवार लांबवर नजर टाकली. इतकी उदास जागा आपण आयुष्यात पाहिली नाही, असं म्हणाले. आमची लेक शेजारी उभी राहिली. तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. म्हणून तिने शिट्टी दातांत घट्ट धरली होती, म्हणजे तोंडातून प्रश्न निघायलाच नको.

दोघं निघाली. एक फेरी झाली, दुसरी झाली, अशा होत राहिल्या. सर टाचांकडे बघत होते, ती समोर बघत होती. मधूनच तिचे गाल फुगायचे, शिट्टीतून बारीकसा फुस्स आवाज यायचा आणि बंद व्हायचा. सरांच्या बायको म्हणाल्या की बाईंना काहीतरी विचारायचंय वाटतं. मी म्हटलं, विचारू दे तर खरी, तिथेच जाऊन कान धरते. शेवटच्या फेरीत सरांचा वेग मंदावला. माझ्या हातातली पिशवी मी कधी पिळून टाकली मला कळलं नाही. बाबा उठून उभे राहिले, पण बोलायची मनाई होती, म्हणून नुसतेच उभे राहिले. सर रडतखडत, एक पाय ओढत, पण न थांबता रेघ ओलांडून गेले आणि तिथेच रबरावर उताणे पडले.

परीक्षकांनी घड्याळ सगळ्यांना दाखवलं. थोडा वेळ हातात राखून झालं होतं.

मला वाटलं आता ती मला येऊन मिठी मारेल. ती सरांशेजारी मांडी घालून बसली, शिट्टी काढली आणि विचारलं की तो फिकट पट्टा आधीचा की काळा खडक आधीचा. सरांनी डोळे मिटूनच हात वर केला आणि हवेत भिंत काढून दाखवायला सुरुवात केली. मी परीक्षकांकडे गेले. म्हणजे आता कायम ना, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कायम. मी पुन्हा विचारलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारणार होते, पण बाबांनी माझी पिशवी धरून ओढलं.

आता ती मुलांना घेऊन डोंगरात शिबिराला गेली आहे. जाताना मी तिला कड्याच्या टोकाला उभं राहू नकोस, ओल्या दगडावर पाय देऊ नकोस आणि सरांना उन्हात फिरवू नकोस असं सगळं सांगितलं. तिने हो हो केलं. तिथे फोन लागत नाही, पण काल एका उंच जागी चढून तिने लावला. मी पहिल्यांदा जेवणाचं विचारलं. मग सर चालतात का ते विचारलं.

चालतात, ती म्हणाली, पण सारखे थांबतात.

"आणि तू?"

"मीपण."

"मग मुलांकडे कोण बघतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण खालून शिवणकामवालीने काय झालं म्हणून हाक दिली.

"मुलं ठीक आहेत, आई," ती म्हणाली. "पुढच्या वळणावर सावलीत बसली आहेत, आमची वाट बघत."